जुना स्टिरिओ ॲम्प्लिफायर घरी दुरुस्त करायचा तर कोणत्या क्रमाने

जुन्या नाशकात वाडा उतरवायला घेतला की माळ्यावरून दोन गोष्टी हमखास खाली येतात: पितळी भांडी आणि स्टिरिओ. भांड्यांचा निकाल लगेच लागतो. स्टिरिओ माझ्याकडे पोचतो तेव्हा मात्र बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. ‘अरे, नुसता लावून बघितला चालतो का ते,’ काका सांगतात, ‘जरा वास आला म्हणून लगेच बंद केला.’ तेवढ्या वेळात आउटपुटचे दोन ट्रान्झिस्टर, त्यांना चालवणारा एक ड्रायव्हर ट्रान्झिस्टर आणि कधी कधी ट्रान्सफॉर्मरसुद्धा गेलेला असतो. लावण्याआधी अर्धा तास दिला असता तर एखादा कंडेन्सर बदलून काम भागलं असतं.

बहुतेकांना सोल्डरिंग येतं, मल्टिमीटरही वापरता येतो. चुकतो तो क्रम. आधी प्लग लावला जातो, मग अंदाजाने पार्ट बदलले जातात आणि शेवटी मीटर हातात येतो. हे नेमकं उलटं आहे. आधी पाहायचं, मग वीज न देता मोजायचं, मग आवळलेली, म्हणजे बल्बमधून मर्यादित केलेली वीज द्यायची आणि त्यानंतरच बदलायचं. पुढचे टप्पे त्याच क्रमाने आहेत, मधला एकही गाळू नका.

हे सगळं ट्रान्झिस्टरच्या ॲम्पसाठी आहे. कॉस्मिक, सोनोडाइन, फिलिप्स, किंवा आखातातून आलेले सान्सुई, पायोनिअर, अकाई, मरांट्झ यात येतात. व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये ३०० ते ४०० व्होल्ट डीसी खेळत असतो, त्यावर शिकायला सुरुवात करू नका.

टप्पा १: जागा, हत्यारं आणि सिरीज बोर्ड

टेबल लाकडी असावं, लोखंडी नको. पायाखाली रबरी चटई, पायात कोरडी चप्पल, हातात अंगठी किंवा कडं नाही. घरात दुसरं कोणीतरी असावं आणि मेन स्विच कुठे आहे ते त्या माणसाला दाखवून ठेवावं. जुन्या वाड्यांत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण मागे अर्थिंगची तार जोडलेलीच नसते. ते वायरमनकडून एकदा तपासून घ्या.

जुलै-ऑगस्टमध्ये माळ्यावरून उतरवलेला ॲम्प लगेच हातात घेऊ नका. ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीतल्या कागदात ओल शिरलेली असते, बोर्डावरच्या धुळीत तर असतेच. झाकण काढून कोरड्या खोलीत तीन-चार दिवस राहू द्या. मी मोठी कामं शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काढतो, तेव्हा आपल्याकडची हवा कोरडी असते.

हत्यारांत एक चांगला मल्टिमीटर हवा, दोन असले तर बायस (आवाज नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरमधून वाहणारा थोडा करंट) लावताना फार सोय होते. त्याच्या वायरींना मगरीचे चिमटे लावता आले पाहिजेत. २५ ते ३५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न, ६०/४० ची सोल्डर वायर, डिसोल्डर पंप, भिंग, मऊ ब्रश, कॉन्टॅक्ट क्लीनर, २२० ओहमचा १० वॅटचा एक रेझिस्टन्स आणि एक वही. वही सगळ्यात महत्त्वाची. नळकाम करणाऱ्यांचा ॲसिडचा फ्लक्स घरात असेल तर तो या टेबलापासून लांब ठेवा. त्याने ट्रॅक सहा महिन्यांत हिरवे पडतात.

आता सिरीज बोर्ड. प्रत्येक वायरमनच्या पिशवीत असतो तोच, एक बल्ब होल्डर आणि एक सॉकेट.

1. प्लगमधून आलेली फेजची तार आधी होल्डरला जोडा.
2. होल्डरच्या दुसऱ्या टोकाची तार सॉकेटच्या फेजला न्या.
3. न्यूट्रल आणि अर्थ सरळ सॉकेटला जोडा.
4. होल्डरमध्ये १०० वॅटचा पिवळा, तारेचा बल्ब लावा. छोट्या ॲम्पला ६० वॅटचा पुरतो.

एलईडी किंवा सीएफएल चालणार नाही. तारेच्या बल्बचाच गुण असा की थंड असताना तो वीज सहज जाऊ देतो आणि तापला की अडवतो. १०० वॅटचा बल्ब पूर्ण पेटला की २३० व्होल्टवर त्यातून ०.४३ ॲम्पिअर जातात, त्याहून जास्त नाही. ॲम्पमध्ये थेट शॉर्ट असला तरी बल्ब पेटेल, ट्रान्झिस्टर वाचतील.

तपासणी: सॉकेट रिकामं असताना बल्ब बंद हवा. सॉकेटमध्ये दुसरा १०० वॅटचा दिवा लावला की दोन्ही मंद पेटायला हवेत. तसं झालं नाही तर तारा चुकल्या आहेत.

सावधान: सिरीज बोर्ड ॲम्पला वाचवतो, तुम्हाला नाही. शॉक पूर्ण २३० व्होल्टचाच बसतो. काहींकडे डिमरस्टॅट (व्होल्टेज कमी-जास्त करता येणारा ट्रान्सफॉर्मर) असतो, तोही उत्तमच, पण साध्या डिमरस्टॅटनेही शॉकपासून संरक्षण मिळत नाही. आणि पंख्याचा रेग्युलेटर डिमरस्टॅटचं काम करत नाही.

टप्पा २: उघडणं आणि डोळ्यांनी पाहणं

झाकण काढण्याआधी मागची पाटी वाचा. जपानच्या घरगुती बाजारातले ॲम्प १०० व्होल्टचे असतात, अमेरिकेतले १२० चे. मागे व्होल्टेज सिलेक्टर असेल तर तो २२०, २३० किंवा २४० वर आहे ना, ते पाहा. सिलेक्टर नसलेला १०० व्होल्टचा ॲम्प थेट आपल्या सॉकेटला लावला की ट्रान्सफॉर्मर काही क्षणांत भाजू लागतो. अशा ॲम्पला २३० ते १०० व्होल्टचा स्टेपडाउन हवा. बाजारात सहज मिळतो तो ११० व्होल्टचा. तो लावला तर आतले सगळे सप्लाय दहा टक्के चढतात, आणि रात्री उशिरा लाईन २४५ वर गेली की आणखी. जुन्या कंडेन्सरवर ५० व्होल्ट लिहिलं असेल आणि सप्लाय ४६ चा असेल, तर ही वाढ त्याला झेपत नाही. १०० चाच ट्रान्सफॉर्मर बनवून घ्या. वाइंडिंग करणाऱ्याला व्होल्टेज आणि मागच्या पाटीवरचे वॅट सांगितले की पुरतं, पाटीवरच्या आकड्याच्या दीडपट क्षमता मागा.

प्लग काढून झाकण उघडा. पहिलं काम मोठे फिल्टर कंडेन्सर रिकामे करण्याचं. २२० ओहमचा रेझिस्टन्स इन्सुलेटेड चिमट्यांनी कंडेन्सरच्या दोन पायांवर पंधरा सेकंद धरा, मग मीटरने मोजा. एक व्होल्टच्या खाली आलं की हात घाला. स्क्रू ड्रायव्हर आडवा लावून ठिणगी पाडायची सवय अनेकांना आहे. त्याने कंडेन्सरचे पाय जळतात आणि वितळलेला धातूचा कण डोळ्यांकडे उडतो. ती सवय आजच सोडा.

मग फोटो काढा, भरपूर. प्रत्येक कनेक्टरचा, प्रत्येक वायरचा रंग दिसेल असा. धूळ कोरड्या ब्रशने झाडा. ओलं फडकं नको, पेट्रोल नको, थिनर तर अजिबात नको, कारण पुढच्या काचेवरची अक्षरं पुसली जातात आणि ती परत मिळत नाहीत.

आता भिंग घ्या आणि घाई करू नका. या अर्ध्या तासात निम्मं निदान होतं.

फुगलेले किंवा बुडाशी ओघळ आलेले कंडेन्सर. काळे पडलेले रेझिस्टन्स. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, आणि त्यांच्या मुतामुळे हिरवे पडलेले ट्रॅक. जपानी ॲम्पमध्ये मोठ्या कंडेन्सरच्या बुडाशी लावलेला डिंक. तो मुळात फिका पिवळा असतो, तीस-चाळीस वर्षांत गुळासारखा तपकिरी होतो. तपकिरी झालेला डिंक वीज वाहून नेतो आणि शेजारचे पाय कुरतडतो. तो दिसला तर लाकडी काडीने पूर्ण खरवडून काढायचा आहे, वहीत लिहून ठेवा.

बोर्ड उलटा करून जड पार्टचे पाय पाहा: ट्रान्सफॉर्मरकडून येणाऱ्या पिना, मोठे वॅटचे रेझिस्टन्स, स्पीकरचे टर्मिनल. भिंगातून सोल्डरच्या थेंबात पायाभोवती केसाएवढी काळी रेघ दिसते, बांगडीसारखी गोल. वरून पार्ट हळूच हलवला की ती रेघ उघडते आणि मिटते. हा ड्राय सोल्डर. ‘मधेच एक बाजू बंद पडते, थापटी मारली की सुरू होते’ या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा एवढंच असतं.

फ्यूज काढून त्यावरचा आकडा वाचा. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळलेली सापडली तर समजा की आधीच्या दुरुस्तीत मूळ बिघाड न शोधता ॲम्प रेटला गेला आहे. अशा ॲम्पमध्ये प्रत्येक पार्ट संशयाने पाहायचा.

टप्पा ३: वीज न देता मोजमाप

स्टिरिओचा एक मोठा फायदा आहे: डावी आणि उजवी बाजू जुळ्या बहिणी असतात. एका बाजूचं माप कळत नसेल तर दुसऱ्या बाजूच्या त्याच जागी मोजा. दोन्ही आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहा. फरक जिथे दिसेल तिथे बिघाड आहे. सर्किटचा नकाशा नसला तरी हे चालतं.

1. फ्यूज, प्लग आणि मेन स्विच. स्विच चालू करून प्लगच्या दोन पिनांत मोजलं की ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी, म्हणजे मेनकडची गुंडाळी दिसते, काही ओहमपासून तीसएक ओहमपर्यंत. काहीच दाखवलं नाही तर फ्यूज, स्विच, मग ट्रान्सफॉर्मर या क्रमाने शोधा.
2. प्लगची फेज किंवा न्यूट्रलची पिन आणि पत्र्याची चासी यांत काहीही दाखवता कामा नये. मल्टिमीटरने एवढंच कळतं. ओळखीच्या वायरमनकडे मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) असेल तर त्याने एकदा बघून घ्या, विशेषतः पावसात भिजलेल्या ॲम्पचं.
3. ब्रिजचे, म्हणजे एसीचा डीसी करणारे डायोड. मीटर डायोडच्या खुणेवर ठेवा. एका दिशेने ०.५ ते ०.७, उलट दिशेने काही नाही. दोन्हीकडून बीप आली तर शॉर्ट.
4. आउटपुट ट्रान्झिस्टर. २एन३०५५ सारख्या लोखंडी टोपीच्या ट्रान्झिस्टरमध्ये टोपी म्हणजेच कलेक्टर. कलेक्टर आणि एमिटर यांत जवळजवळ शून्य ओहम आले तर तो गेला. बेसपासून दोन्हीकडे डायोडसारखं माप यायला हवं. सर्किटमध्ये असताना शेजारच्या रेझिस्टन्समुळे आकडा कमी दिसू शकतो, म्हणून दुसऱ्या बाजूशी ताडून पाहा.
5. एमिटरचे पांढरे चौकोनी रेझिस्टन्स, बहुधा ०.२२, ०.३३ किंवा ०.४७ ओहम. मीटरच्या वायरींचा स्वतःचा रेझिस्टन्स आधी मोजून वजा करा, नाहीतर चांगला पार्टही खराब वाटेल.

इथे सगळ्यात महागडी चूक होते. एक आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट सापडतो, तेवढाच बदलला जातो, ॲम्प चालू करताच नवाही उडतो. आउटपुटचा ट्रान्झिस्टर जाताना शेजाऱ्यांना घेऊन जातो: त्याला चालवणारा ड्रायव्हर, एमिटरचा रेझिस्टन्स, बेसला जोडलेले छोटे रेझिस्टन्स, बायसचा डायोड. त्या बाजूचा प्रत्येक ट्रान्झिस्टर आणि डायोड मोजल्याशिवाय नवा पार्ट बसवू नका. शंका असेल तर पार्टचा एक पाय सोडवून मोजा.

टप्पा ४: सिरीजवर पहिली वीज

स्पीकर काढलेले, इनपुट काढलेले, व्हॉल्यूम शून्यावर. बायसचा प्रीसेट (बोर्डावरचा छोटा, फिरवता येणारा रेझिस्टन्स) फिरतो त्या दोन टोकांपैकी कमी करंटचं टोक सर्व्हिस मॅन्युअलवरून माहीत असेल तर तिकडे ठेवा. माहीत नसेल तर आहे तिथेच राहू द्या आणि मूळ जागेवर पेनाने खूण करा. एक हात मागे ठेवून स्विच दाबा. नजर बल्बवर.

बल्ब क्षणभर लख्ख पेटतो, कारण फिल्टर कंडेन्सर भरत असतात. मग दोन-तीन सेकंदांत उतरत जातो आणि शेवटी तार नुसती लालसर दिसते, किंवा तीही नाही. कितीही वेळा पाहिलं तरी ते उतरणं पाहताना माझा श्वास अडकलेला असतो.

बल्ब लख्खच राहिला तर लगेच बंद करा. कंडेन्सर रिकामे करा. मग तुकडे पाडा: आधी ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीच्या तारा सोडून फक्त ट्रान्सफॉर्मर सिरीजवर लावा. बल्ब विझला तर ट्रान्सफॉर्मर ठीक. मग ब्रिज आणि फिल्टर जोडा. मग एक बाजू, मग दुसरी. प्रत्येक वेळी जोडण्याआधी प्लग बाहेर आणि कंडेन्सर रिकामे. ज्या तुकड्यावर बल्ब पेटतो, दोष त्यात.

बल्ब उतरला तर पंधरा-वीस मिनिटं तसंच चालू ठेवा. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरातला ऑक्साइडचा थर पातळ झालेला असतो आणि एकदम पूर्ण दाब आला की तो गळतो, तापतो, फुटतो. आवळलेल्या विजेवर तो सावकाश सुधारतो. मधे एकदा बंद करून, रिकामा करून, हात लावून पाहा. काहीही काम नसताना कंडेन्सर कोमट लागला तर तो बदलायचा आहे.

तपासणी: दोन सप्लायचा ॲम्प असेल तर अधिक आणि उणे यांचे आकडे जवळजवळ सारखे हवेत, उदाहरणार्थ अधिक ३५ आणि उणे ३५. बल्बमुळे ते मॅन्युअलपेक्षा कमी दिसतील. स्पीकरचा रिले (स्पीकर जोडणारा-तोडणारा, विजेवर चालणारा स्विच) सिरीजवर कधी कधी ‘टक’ करून ओढला जात नाही, तो बिघाड समजू नका.

आता स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी मोजा, यालाच ऑफसेट म्हणतात. रिले ओढला गेला नसेल तर माप रिलेच्या आधी, ॲम्पच्या बाजूला घ्या. ५० मिलिव्होल्टच्या आत उत्तम. १०० च्या वर गेलं तर कारण शोधा. एक व्होल्ट किंवा जास्त असेल तर स्पीकर जोडण्याचा विचारही नको. ३० व्होल्ट डीसी ६ ओहमच्या कॉइलमध्ये १५० वॅटची उष्णता ओततात. घरातले चांगले स्पीकर याच पायरीवर जळतात.

आपल्याकडच्या जुन्या, एकाच सप्लायच्या ॲम्पमध्ये स्पीकरच्या वाटेत एक मोठा कंडेन्सर असतो, २२०० मायक्रोफॅरडच्या आसपासचा. तिथे टर्मिनलवर डीसी दिसणार नाही, म्हणून फसू नका. कंडेन्सरच्या आधी, दोन आउटपुट ट्रान्झिस्टरच्या मधल्या जागी मोजा: सप्लायच्या निम्मे व्होल्ट हवेत. ६० चा सप्लाय असेल तर ३० च्या जवळ.

टप्पा ५: बदलणं, एका वेळी एक

क्रम असा ठेवा: ड्राय सोल्डर, मग तपकिरी डिंक, मग सप्लायचे कंडेन्सर, मग एका बाजूचे छोटे इलेक्ट्रोलिटिक, मग प्रीसेट, आणि शेवटी ट्रान्झिस्टर. प्रत्येक गटानंतर पुन्हा सिरीजवर लावून ऑफसेट वहीत लिहा. एकाच बैठकीत साठ पार्ट बदलले आणि नंतर बिघाड आला, तर तो साठपैकी कुठल्या पार्टचा हे कळायला मार्ग उरत नाही. एक बाजू पूर्ण झाल्याशिवाय दुसरीला हात लावू नका. न बदललेली बाजू हीच तुमची मोजपट्टी आहे.

ड्राय सोल्डरवर नुसतं आयर्न टेकवून भागत नाही. जुनं सोल्डर पंपाने काढा, पाय घासा, मग ताजं भरा. जुने तपकिरी बोर्ड नाजूक असतात, तीन सेकंदांच्या वर आयर्न ठेवलं की ट्रॅक सुटून वर येतो.

कंडेन्सर घेताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि १०५ अंशांचा. फिल्टर ४७०० चा असेल तर मोठ्या आवाजाच्या मोहाने २२,००० चा लावू नका, चालू करतानाचा झटका ब्रिज आणि स्विचवर पडतो. नव्या कंडेन्सरवरची पट्टी उणे पाय दाखवते. बोर्डावर मात्र बऱ्याचदा अधिकची खूण असते, पट्टी बघून लावताना इथेच उलटं होतं. बाहेर काढण्याआधी जुन्याची दिशा फोटोत आहे ना, ते पाहा. फिल्मचे आणि सिरॅमिकचे छोटे कंडेन्सर सहसा खराब होत नाहीत, ते राहू द्या. मेन स्विचवरचा ठिणगी दाबणारा कंडेन्सर बदलायचा असेल तर एक्स२ शिक्का असलेला, २७५ व्होल्ट एसीचाच घ्या. तिथे साधा पार्ट लावणं म्हणजे आगीला निमंत्रण.

छोटे ट्रान्झिस्टर बदलताना पायांचा क्रम दर वेळी तपासा. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर बीसी५४७ चा क्रम कलेक्टर, बेस, एमिटर असा आहे. २एससी१८१५ चा एमिटर, कलेक्टर, बेस. जपानी ट्रान्झिस्टरच्या जागी बीसी सरळ खोचला तर तो चालणारच नाही.

पार्ट कुठून आणायचे हा नाशकातला खरा प्रश्न आहे. साधे रेझिस्टन्स आणि कंडेन्सर इथे मिळतात. आउटपुटचे ट्रान्झिस्टर मात्र जपून घ्या. मी यादी साठवून ठेवतो आणि सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाऊन लॅमिंग्टन रोडवरून एकदम आणतो. पुण्याला जाणं झालं तर बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. नकली माल सगळीकडे आहे, २एससी५२०० आणि २एसए१९४३ या जोडीचा तर फारच. नेहमीच्या भावाच्या निम्म्यात मिळाला की तो सोडून द्या. छपाई बोटाने घासून पाहा, दोन नग वजनाला सारखे लागतात का ते पाहा, आणि दोन्ही बाजूंना एकाच खेपेचे पार्ट लावा.

आउटपुट ट्रान्झिस्टर बसवताना वीज अडवणारी माइकाची चकती आणि स्क्रूचं प्लास्टिकचं बुश हवंच. जुनी, उष्णता वाहून नेणारी पेस्ट पुसा, नवी दोन्ही बाजूंना कागदाइतकी पातळ लावा. जास्त पेस्टने उष्णता नीट जात नाही. बायसचा डायोड किंवा छोटा ट्रान्झिस्टर हीटसिंकला (आउटपुट थंड ठेवणाऱ्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्याला) चिकटलेला असतो, तो सोडवला असेल तर परत तसाच चिकटवा. तो लोंबकळत राहिला तर आउटपुट तापल्याचं सर्किटला कळतच नाही आणि करंट चढत जातो.

तपासणी: स्क्रू आवळल्यावर, वीज देण्याआधी, ट्रान्झिस्टरची टोपी आणि हीटसिंक यांत मोजा. बीप आली तर माइका फाटलेली आहे किंवा धातूचा कीस अडकला आहे. पुन्हा उघडा.

टप्पा ६: कंट्रोल आणि स्विच

व्हॉल्यूम फिरवताना खरखर, बॅलन्स मधेच एका बाजूला जाणं, टेप-ट्यूनरचं बटण हलवलं की आवाज येणं, हे सगळं मळलेल्या संपर्कांचं काम. कॉन्टॅक्ट क्लीनरची नळी कंट्रोलच्या पायांजवळच्या फटीत घालून एक छोटा फवारा, मग टोकापासून टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवा. बिजागऱ्यांना मारतात तो स्प्रे इथे नको, त्याचा तेलकट थर धूळ धरून बसतो. प्रत्येक स्विच, स्पीकर ए-बी चा सिलेक्टर आणि टेप मॉनिटर विसरू नका. सुकायला एक तास द्या. रिलेचे टोक काळे असतील तर जाड कागदाची पट्टी क्लीनरमध्ये भिजवून मधून ओढा. सँडपेपर मारू नका, नाहीतर वरचा मुलामा निघून जातो.

टप्पा ७: थेट लाईनवर ऑफसेट आणि बायस

सिरीजवर सगळं ठीक असेल तरच इथे या. फ्यूज योग्य आकड्याचा बसवा आणि ॲम्प सरळ सॉकेटला लावा. स्पीकर अजून नाहीत.

या टप्प्यावर माझा एक ॲम्प गेला. तीन आठवडे खपून डावी बाजू उभी केली होती. रात्री अकराला बायस मोजताना हातात धरलेली मीटरची सुई घसरली आणि ट्रान्झिस्टरच्या दोन पायांत अडकली. ‘टिक’ असा बारीक आवाज आला, बस. दोन आउटपुट आणि एक ड्रायव्हर गेले. तेव्हापासून मी चालू ॲम्पमध्ये सुई धरत नाही: बंद करायचं, रिकामं करायचं, चिमटे लावायचे, हात काढायचा, मग चालू करायचं. आणि दमल्यावर बायस लावत नाही.

1. एका मीटरचे चिमटे एमिटरच्या रेझिस्टन्सच्या दोन टोकांना, मिलिव्होल्टवर. दुसऱ्याचे स्पीकर टर्मिनलला.
2. चालू करून पंधरा मिनिटं तापू द्या. थंड ॲम्पचे आकडे फसवतात.
3. प्रीसेट अगदी थोडा फिरवा आणि दोन मिनिटं थांबा. मॅन्युअलमध्ये दिलेला आकडाच लावायचा. हिशेब सोपा आहे: ०.२२ ओहमवर १० मिलिव्होल्ट म्हणजे साधारण ४५ मिलिॲम्पिअर.
4. ऑफसेटचा वेगळा प्रीसेट असेल तर तो शून्याजवळ आणा. बायस पुन्हा पाहा, दोन्ही एकमेकांना थोडे हलवतात.
5. झाकण वर ठेवून आणखी अर्धा तास. आकडा एका जागी ठरला पाहिजे.

मिलिव्होल्ट न थांबता चढत राहिले तर बंद करा. हीटसिंकवरचा डायोड, माइका-पेस्ट आणि जुना प्रीसेट, या तिघांपैकी एकात दोष असतो. जुना प्रीसेट आतून सुटला की बऱ्याच सर्किटमध्ये बायस एकदम पूर्ण चढतो, म्हणून मी तो टप्पा ५ मध्येच नवा बसवतो. काही भारतीय ॲम्पमध्ये प्रीसेट नसतोच, नुसते डायोड असतात. तिथे लावायचं काही नसतं, फक्त दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते पाहायचं.

टप्पा ८: स्पीकर आणि बंद करणं

आधी टाकाऊ स्पीकर जोडा, आवडते नव्हे. ओहम मागच्या पाटीवर लिहिलेल्यापेक्षा कमी नकोत. व्हॉल्यूम शून्यावर ठेवून कान जवळ न्या. बारीक सुस्कारा चालेल. जाड घुंघुं दोन्ही बाजूंना सारखी असेल तर फिल्टर किंवा ब्रिज, एकाच बाजूला असेल तर त्या बाजूचा बोर्ड किंवा इनपुटचा सॉकेट. सेटटॉप बॉक्स जोडला की घुंघुं येत असेल आणि काढला की जात असेल, तर दोष ॲम्पचा नाही, दोन अर्थिंग एकमेकांना मिळत आहेत.

मग ओळखीची गाणी लावा, ज्यांत तबल्याची चाट आणि डग्गा दोन्ही स्वच्छ ऐकू येतात. मंद आवाजात तासभर, मध्यम आवाजात दोन तास. मधे हीटसिंकला हात लावा. पाच सेकंद हात टिकला पाहिजे. लगेच ओढून घ्यावासा वाटला तर बायस पुन्हा मोजा. शेवटी बंद करून थंड होऊ द्या, पुन्हा चालू करा आणि ऑफसेट एकदा परत पाहा. काही ड्राय सोल्डर थंड-गरम झाल्यावरच बोलतात.

एका चिठ्ठीवर तारीख, दोन्ही सप्लायचे व्होल्ट, डाव्या-उजव्याचा ऑफसेट, बायस, फ्यूजचा आकडा आणि बदललेले पार्ट लिहा. ती ट्रान्सफॉर्मरपासून लांब, झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा आणि मगच स्क्रू आवळा.